शेवटच्या तीन पायऱ्या

नमस्कार वगैरे राहू दे.
सुरुवातीचं ते ढोलाचं संगीतही आज नाही.
मी तोच,
कुरखेडीच्या बारवेवर अकरा मिनिटं बोललेला,
ड्रोन उडवून वरून तिचा डोळा दाखवलेला,
आणि ठणकावून सांगितलेला
की ही देशमुखांनी बांधली.

नाही बांधली.

एवढं एक वाक्य बोलायला
सहा टेक लागले.
पहिल्यात आवाज कापरा झाला, छान झाला,
म्हणून पुसला.
चूक कबूल करतानाही
गालावर उजेड नीट पडतोय ना
ते बघत होतो मी स्क्रीनच्या कोपऱ्यात.

तर झालं असं :
भिंतीतल्या दगडावर देशमुखांचं नाव होतं,
पुढचा शब्द फुटलेला.
फुटलेल्या जागी मी 'बांधिली' बसवलं,
पडलेल्या दाताच्या जागी सोन्याचा बसवतात तसं.
पण खाली दोन उकार शिल्लक होते.
'बांधिली'ला उकार नसतो.
'दुरुस्त'ला असतात, दोन.
माझ्याच फोटोत दिसतात ते, मोठा केला की.
मी मोठा केला नव्हता.

आणि खाली पाणी होतं, शेवाळ होतं,
पायात दोंडाईच्याच्या बाजारातले पांढरे बूट.
शेवटच्या तीन पायऱ्या
मी उतरलो नाही.

दगा पखाली तेव्हा काठावरच होते,
सायकलची ट्यूब बादलीत दाबून
बुडबुडा शोधत.
म्हणाले, "बारव आमनी शे, भाऊ."
मी हसलो.
गावात ज्याचं त्याचं काहीतरी असतंच.
एडिट करताना त्यांचं बोलणं कापलं,
वाऱ्याचा आवाज येत होता म्हणून.
म्हणजे, तसं मी स्वतःला सांगितलं.

वैशाखात पाणी आटलं.
नातवाच्या फोनवरून त्यांनी एक फोटो पाठवला,
सोबत अक्षर नाही.
ओल्या फडक्यानं पुसलेला दगड :
भिकाई कोम लाला पखाली.
शेजारी कोरलेली एक फुगलेली पखाल.
'कोम' म्हणजे बायको, हेसुद्धा
धुळ्याला जाऊन विचारावं लागलं,
मोडी वाचणाऱ्या एका बाईंना.
पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या दारी पाणी नेणाऱ्या घरातल्या बाईनं
पाणी एका जागी बसवलं होतं.

परवा गेलो. अनवाणी उतरलो.
दगाभाऊ रागावतील असं वाटलं होतं.
"तू खाले उतरनाच नही, भाऊ," एवढंच.
"पानी आटनं की दगड बोलस."
मग चहा सांगितला
आणि पैसे मला द्यायला लावले.

नाव त्यांचं दगा.
दिला मी.

अजून एक.
माझं वाक्य आता पत्र्याच्या बोर्डावर आहे,
ऑइलपेंटमध्ये, माझ्या उद्गारचिन्हासकट.
चौथीतल्या जागृतीनं ते सव्वीस जानेवारीला
न अडखळता म्हटलं, स्टीलचा डबा मिळवला.
परवा तिनं विचारलं,
"मग डबा परत द्यायचा का?"
दोन लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला,
इतकं नेमकं कुणी विचारलं नाही.
नको म्हणालो तिला.
त्या व्हिडिओचे सात हजार दोनशे
माझ्या खात्यात आलेत.
त्यांचं काय, ते अजून ठरत नाही.

पेंटर म्हणतो, पत्रा पूर्ण घासावा लागेल,
नुसतं वरून रंगवलं
तर जुनं अक्षर उन्हाळ्यात वर येतं.
घास म्हटलं.
जुना व्हिडिओ मात्र काढत नाही.
बुजवलेल्या विहिरीत
पडलेलं माणूससुद्धा सापडत नाही.

हा सहावा टेक.
मागे बादलीतला बुडबुडा ऐकू येईल,
दगाभाऊ काहीतरी बोलतायत.
वारा आहे.
राहू दे.